पाट्या कोण लिहितं? रत्नागिरी शहर पायी फिरताना पडलेले प्रश्न

शहर कोणाचे आहे हे सातबाऱ्यावरून जेवढे कळते, त्याहून जास्त ते रस्त्यावरच्या पाट्यांवरून कळते. चौकाला नाव कोणाचे, घर कोणाचे जपले आणि कोणाच्या घराचा चौथराही उरला नाही, हे पाहिले की त्या शहरात बोलण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते समजते. पर्यटन हा वरवर निरागस वाटणारा धंदा आहे. पण कोठे थांबायचे आणि कोठून न बघता पुढे जायचे हे तो ठरवतो. असे ठरवणे म्हणजेच राजकारण. आपल्या चळवळीने शिक्षण, आरक्षण, अत्याचार या प्रश्नांवर भरपूर लिहिले आहे. सहलीवर मात्र आपण फारसे बोलत नाही. सहल म्हणजे सुट्टी, आणि सुट्टीत कसली चळवळ, असे आपल्याला वाटते. या लेखात आम्ही नेमके सहलीबद्दलच बोलणार आहोत.

आमचा एक आतेभाऊ नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. तिकडे गाईड न घेता, मोबाईलमधला नकाशा पाहत, बायको-मुलांना घेऊन शहर पायी फिरायची पद्धत आहे. कलोन शहरात फिरताना त्याने काही फोटो पाठवले. त्यात चर्च नव्हते, नदीवरचा पूल नव्हता. फुटपाथमध्ये बसवलेले पितळी पत्र्याचे छोटे चौकोनी दगड होते, जेमतेम दहा सेंटिमीटरचे. गुंटर डेम्निग नावाच्या कलावंताने १९९२ साली कलोनमध्ये या कामाची सुरुवात केली. नाझींनी ज्यांना घरातून उचलून नेले आणि मारले, त्यांचे नाव, जन्मसाल आणि पुढे काय झाले एवढेच त्या दगडावर लिहिलेले असते, आणि तो दगड त्या माणसाच्या राहत्या घरासमोर बसवतात. आज युरोपभर असे एक लाखाहून जास्त दगड आहेत. त्यांच्या जर्मन नावाचा अर्थ ‘ठेच लागेल असे दगड’ असा होतो. चालणाऱ्याने थांबावे, वाकावे, नाव वाचावे, एवढीच अपेक्षा.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला मोरिस हाल्बवॅक्स हा फ्रेंच विचारवंत अभ्यासाला होता. माणूस एकटा आठवत नाही, समाज त्याला काय आठवायचे ते पुरवतो, अशी त्याची मांडणी. सामूहिक स्मृती ही कल्पना त्याच्याच नावाने ओळखली जाते. हा हाल्बवॅक्स १९४५ साली नाझींच्या बुखेनवाल्ड छळछावणीत मेला. स्मृतीचा सिद्धांत मांडणाऱ्या माणसाचीच स्मृती पुसायचा प्रयत्न झाला. आतेभावाचे फोटो पाहताना आम्हाला प्रश्न पडला तो असा : आपल्या शहरात आपल्याला ठेच कुठे लागते?

म्हणून एका रविवारी आम्ही रत्नागिरी शहर पायी फिरायचे ठरवले. आम्ही नवरा-बायको, सातवीतली मुलगी, दुसरीतला मुलगा आणि पासष्टीची आई. आमचे गाव जिल्ह्यातच. रत्नागिरीला आम्ही शंभर वेळा आलो आहोत, पण जातीचा दाखला, जिल्हा परिषद, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट याच कामांसाठी. शहर बघायला म्हणून कधीच नाही. आपल्यापैकी बहुतेकांचे जिल्ह्याच्या गावाशी नाते असेच रांगेतले असते. पहिल्या एसटीने निघालो, स्टँडवर उतरलो, चहा घेतला. गाईड नाही, पॅकेज नाही. मुलीच्या वहीच्या मधल्या पानावर हाताने काढलेला नकाशा आणि एकच नियम : प्रत्येक ठिकाणी पाटी वाचायची, आणि पाटीवर काय लिहिलेले नाही ते वहीत लिहायचे.

पहिला थांबा टिळक आळी. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी याच शहरात झाला. घर कौलारू, चांगले जपलेले. असे घर जपले पाहिजे याबद्दल आमचे काहीच म्हणणे नाही. पण पाटी वाचून झाल्यावर वहीत काय लिहायचे, हा प्रश्न होताच. टिळकांचे मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. घराणे खोतांचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबई सरकारने खोतांच्या अधिकारांना थोडा लगाम घालायचे ठरवले तेव्हा ‘केसरी’ खोतांच्या बाजूने उभा राहिला. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या नेत्याला कुळाचा जमिनीवरचा हक्क जन्मसिद्ध वाटला नाही.

मुलाने विचारले, “खोत म्हणजे काय?” उत्तर आम्ही द्यायच्या आधी आईने दिले. सरकारचा सारा गावातून गोळा करून भरणारा तो खोत. पण सारा गोळा करता करता तो गावाचा धनीच होऊन बसायचा. अर्धेलीने जमीन कसायची म्हणजे पिकातला अर्धा वाटा त्याच्या घरी पोचवायचा. त्याच्या घरी लग्न निघाले की लाकडे फोडायला जायचे, पालखी निघाली की खांदा द्यायचा, आणि मजुरी मागायची नाही. तिचा आजा भाताचा भारा डोक्यावरून खोताच्या खळ्यात टाकून यायचा आणि घरी नाचणीची आंबील प्यायचा. “आमच्या म्हातार्‍याला भात सणालाच मिळायचा, बाळा,” ती म्हणाली. ही गोष्ट आम्हीसुद्धा तिच्या तोंडून इतकी सविस्तर पहिल्यांदाच ऐकली. घरात बसून ती कधी निघाली नसती. टिळक आळीत उभे राहिलो म्हणून निघाली.

वहीत मुलीने लिहिले : खोती. त्याखाली आम्ही तारखा सांगितल्या. एप्रिल १९२९ मध्ये बाबासाहेब चिपळूणला आले, रत्नागिरी जिल्ह्याच्या परिषदेचे अध्यक्ष झाले आणि खोतीविरुद्ध बोलले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार निवडून आणले आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्यात कोकणातले कुणबी होते, महार होते, आगरी होते. बाबासाहेबांबरोबर शिष्टमंडळ ज्या पंतप्रधानांना भेटले, ते बाळासाहेब खेर मूळचे याच रत्नागिरीचे. विधेयक काही मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर, १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. या जिल्ह्यातल्या लाखो कुटुंबांच्या नावावर आज जी गुंठा-दोन गुंठे जमीन आहे, तिच्यामागे हा लढा आहे. शहरभर फिरलो, पण त्याची एकही पाटी आम्हाला दिसली नाही.

दुसरा थांबा पतितपावन मंदिर. १९२४ ते १९३७ या काळात सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. राजकारण करायला सरकारने बंदी घातली होती, त्या काळात त्यांनी सहभोजने केली, मंदिरप्रवेशाची चळवळ केली. भागोजीशेठ कीर या भंडारी समाजातल्या उद्योजकाने पैसा दिला आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये हे मंदिर सर्व जातींना खुले झाले. ज्या काळात देवळाच्या पायरीवर सावली पडली तरी मार बसत होता, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. भागोजीशेठांबद्दल तर आम्हाला आदरच वाटतो. दादरला चैत्यभूमीला लागून जी स्मशानभूमी आहे तिला त्यांचेच नाव आहे. ६ डिसेंबरला तिकडे जाणाऱ्या आपल्या किती जणांनी ते नाव वाचले आहे?

पण मुलगी पाटीसमोर अडली. “पतित म्हणजे कोण?” पतित म्हणजे पडलेला. पावन म्हणजे त्याला शुद्ध करणारा. “पण पडलं कोण होतं?” आता या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? कोणी पडले नव्हते, पाडले गेले होते. आणि ज्याने पाडले त्याच्या शुद्धीकरणाचे मंदिर कोठेच नाही. सुधारणेच्या या भाषेतच सगळी मेख आहे. तुमच्यात खोट होती, आम्ही मोठ्या मनाने ती पुसली, असे ते नावच सांगते.

तारखा शेजारी ठेवून पाहा. २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, आणि आपली माणसे पुढे कित्येक वर्षे त्या दारात मार खात राहिली. १९३१ ला रत्नागिरीत नवे मंदिर बांधून दिले गेले. जुन्या देवळाचे दार उघडण्यापेक्षा नवे देऊळ बांधणे नेहमीच सोपे असते. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि १९३७ ला खोतीचे विधेयक मांडले. एका वाटेचे शेवटचे टोक देवाच्या दर्शनापाशी आहे, दुसरीचे जमीन, मजुरी आणि स्वतःचा धम्म निवडण्याच्या हक्कापाशी. पहिल्या वाटेला देऊळ आहे, देवळाला पाटी आहे, पाटीला फोटो काढणारे पर्यटक आहेत. दुसऱ्या वाटेचे तसे काहीच नाही, कारण ती वाट शहराने मनापासून कधी स्वीकारलीच नाही.

तिथून थिबा राजवाडा. चढ होता, ऊन तापले होते, आई रिक्षाने पुढे गेली आणि आम्ही मुलांना कोकम सरबत पाजत पोचलो. लाल रंगाची तीन मजली भव्य इमारत, लाकडी कोरीव अर्धगोल खिडक्या, पलीकडे खाडीचे पाणी. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेश जिंकला, मंडालेच्या थिबा राजाला पकडले आणि १८८६ ला रत्नागिरीत आणून ठेवले. हा राजवाडा पुरा झाला तो १९१० च्या सुमारास. १९१६ ला राजा इथेच वारला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे आणि डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन नतमस्तक झाले. याच्या बरोबर उलटा प्रवास दिल्लीच्या बहादूरशहा जफरने केला होता. त्याला इंग्रजांनी रंगूनला नेऊन ठेवले आणि १८६२ ला तो तिकडे मेला. इकडचा बादशहा तिकडे, तिकडचा राजा इकडे. मुलांना हे फार आवडले.

आमच्या शेजारी एक मोठा ग्रुप होता. त्यांच्याबरोबरच्या माणसाने पाच मिनिटांत सांगून टाकले : बर्माचा राजा, इंग्रजांनी इथे ठेवला, सूर्यास्त फार छान दिसतो, चला. राजा बौद्ध होता हा शब्दसुद्धा निघाला नाही. १९५६ च्या धम्मचक्र प्रवर्तनाच्या चाळीस वर्षे आधी या शहरात एक बौद्ध राजघराणे राहत होते, बुद्धाला वंदन करत होते. ज्या ब्रह्मदेशातून तो राजा आणला, त्याच देशात डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले. एवढे धागे हाताशी असताना आपल्याला सांगितला जातो तो सूर्यास्त.

इथे आपल्या तरुणांनाही एक सावधगिरी सांगायची आहे. राजा बौद्ध होता म्हणून तो लगेच आपला, इतके ते सोपे नाही. थिबा १८७८ ला गादीवर आला आणि त्यानंतर लवकरच राजघराण्यातल्या कितीतरी नातेवाइकांची कत्तल झाली. सिंहासनासाठी भावंडे मारणारी राजसत्ता बुद्धाचे नाव घेते म्हणून धम्माची होत नाही. आपल्याला ‘आमचाही एक राजा’ अशी पाटी नको आहे. या राजवाड्यातली आपल्या जवळची माणसे शोधायची तर थोरल्या राजकन्येची मुलगी टुटू आहे. ती याच रत्नागिरीत वाढली, मराठी बोलली, संसार केला, गरिबीत जगली आणि २००० साली वारली. राजाची नात शेजारच्या बायकांसारखीच कष्ट करत राहिली. आईला तिचीच गोष्ट सगळ्यात पटली. “राजाचा काय, त्याला पेन्शन होती,” ती म्हणाली.

संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत बसलो आणि मग मिरकरवाडा बंदरावर गेलो. बंदरावर पाट्या नव्हत्याच. होत्या त्या मासळीच्या, डोक्यावरून वाहायच्या. मुलगा हसला, पाटी शब्दाचे दोन अर्थ त्याच्या लक्षात आले. पण आमच्यासाठी तो थांबा सगळ्यात महत्त्वाचा होता. माता रमाईचा जन्म याच जिल्ह्यातल्या, दापोली तालुक्यातल्या वणंदचा. त्यांचे वडील दाभोळ बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहायचे. आई-वडील लवकर गेले, पोर मुंबईला मामा-काकांकडे आली आणि भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार बंद झाल्यावर रात्री तिचे लग्न भीमरावांशी लागले. आपण रमाईच्या त्यागावर गाणी ऐकतो, डोळे पुसतो. पण तो त्याग सुरू होतो तो बंदरावरच्या हमालीपासून. ओल्या टोपल्या उचलणारी माणसे पाहत उभे राहिल्यावर मुलीला रमाई जेवढी कळली, तेवढी आमच्या भाषणांतून कळली नव्हती.

आणि हा जिल्हा तर बाबासाहेबांचा स्वतःचा. आंबडवे मंडणगड तालुक्यातले. सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाल्यावर दापोलीत राहिले, भीमरावांच्या शिक्षणाची सुरुवात तिथेच झाली. त्याच दापोलीतून गोपाळबाबा वलंगकरांनी, तेही लष्करातले पेन्शनर, अनार्य दोष परिहारक मंडळ चालवले आणि १८८८ ला ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. बाबासाहेबांच्या जन्माच्याही तीन वर्षे आधी. रत्नागिरी म्हटले की हापूस, समुद्र आणि टिळक-सावरकर आठवतात. वलंगकर का आठवत नाहीत? याचे उत्तर एकच, आठवायची व्यवस्था आपल्या हातात नव्हती. आता ती उभी करायची की नाही, हे आपल्या हातात आहे.

कोणी म्हणेल, पोटाचे प्रश्न पेटलेले असताना पाट्यांचे काय घेऊन बसलात? आमचे उत्तर असे की पाटी ही पोटाच्या प्रश्नाचीच पुढची पायरी आहे. खोती कोणी घालवली हे कुणब्याच्या पोराला माहीत नाही, म्हणून तो बाबासाहेबांना ‘त्यांचे’ समजतो. बौद्धवाडीतल्या पोराला माहीत नाही की १९३८ च्या मोर्चात कुणबी त्याच्या पणजोबाच्या खांद्याला खांदा लावून चालला होता, म्हणून तोही वाडीबाहेर बघत नाही. या एका विस्मरणावर कोकणातल्या कितीतरी निवडणुका जिंकल्या गेल्या आहेत. दोघांनी मिळून मारलेली लढाई दोघेही विसरले की फायदा तिसऱ्याचा.

लंडनचे उदाहरण समोर आहे. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब ज्या घरात राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर २०१५ ला महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. ते संग्रहालय म्हणून खुले ठेवण्यावर तिथल्या काही शेजाऱ्यांनी हरकत घेतली, प्रकरण वरपर्यंत गेले आणि २०२० ला परवानगी मिळाली. म्हणजे एका घराची पाटीसुद्धा भांडूनच टिकवावी लागते. लंडनच्या घरासाठी जेवढा आवाज उठला, त्याच्या निम्मा आवाज दापोली, चिपळूण आणि रत्नागिरीच्या रस्त्यांसाठी उठला तरी पुष्कळ होईल.

तेव्हा मित्रहो, काम अवघड नाही आणि त्याला निधीही लागत नाही. आपापल्या तालुक्याच्या गावात एक रविवार काढा. घरातले म्हातारे माणूस बरोबर न्या, कारण निम्मा नकाशा त्यांच्या डोक्यात आहे आणि तो फार दिवस राहणार नाही. १८८० च्या जुन्या गॅझेटियरचा रत्नागिरी खंड वाचा, तो इंग्रजांनी लिहिला आहे हे लक्षात ठेवून वाचा. बाबासाहेबांच्या समग्र लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडात विधिमंडळातले त्यांचे काम आहे, त्यातले खोतीचे विधेयक वाचा. मुलांना प्रश्न विचारू द्या आणि उत्तर द्यायची घाई करू नका. फिरून आल्यावर न लिहिलेल्या पाट्यांची यादी करा आणि ती घेऊन नगर परिषदेकडे, ग्रामपंचायतीकडे अर्ज द्या. अर्जावर कुणबी, भंडारी, मुस्लिम, बौद्ध अशा सगळ्यांच्या सह्या घ्या. पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या वहीत अशा सात पाट्या झाल्या आहेत. पहिली खोतीची. १७ सप्टेंबर हा दिवस दरवर्षी येतो आणि कोकणात कोणाच्या लक्षातही न येता जातो. येत्या १७ सप्टेंबरला रत्नागिरीत खोतीविरोधी लढ्याची पायी फेरी काढावी, असा आमचा प्रस्ताव आहे. भाषणे कमी, चालणे जास्त. मुलांना आणा, आजी-आजोबांना आणा, शेजारच्या कुणबीवाडीतल्या मित्राला तर नक्कीच आणा. अर्जाचा मसुदा तयार आहे, सह्यांसाठी जागा मोकळी ठेवली आहे.

जयभीम!